आजी खंडाने दिली होती

रत्नागिरीतल्या मांडवीच्या रस्त्याला एक आजी उभी आहे. प्लायवुडची, सहा फुटांची. डोक्यावर मासळीची पाटी, पदर कमरेला खोचलेला, उजवा पाय पुढे टाकलेला आणि ओठांच्या कोपऱ्यात असं हसू, की भाव कमी करा म्हणायची हिंमत होऊ नये. काळ्या वाळूवर फिरून भेळ खाऊन परतणारे पर्यटक तिच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढतात. ही आजी माझ्या भाचीने काढली आहे. मांडवीत हे कुणालाच माहीत नाही, कारण आजीच्या अंगावर कुठेही भाचीचं नाव नाही.

तीन वर्षांपूर्वी एका हॉटेलवाल्याने तिच्याकडून मेनूकार्डासाठी चित्र काढून घेतलं. चार हजार ठरले, चार हजार मिळाले. वेळेवर मिळाले, हेही सांगतो. चित्राला अकरा दिवस लागले. पहिल्या कच्च्या चित्रात आजी फार बापुडवाणी दिसत होती, दुसऱ्यात देवळातल्या देवीसारखी. मग पोरगी दोन दिवस पहाटे मिरकरवाड्याच्या बंदरावर जाऊन बसली आणि तिथे तिला तो पाय सापडला. डोक्यावर भरलेली पाटी असली की बाई मान वळवत नाही. आधी पाऊल वळतं, मागून कंबर, सगळ्यात शेवटी नजर. तिने ते पेन्सिलीत धरलं आणि आजी चालायला लागली.

मेनूकार्ड छापलं. पुढच्या हंगामात आजी मसाल्याच्या पुडीवर आली. मग टी-शर्टवर, मग फ्रिजला चिकटवायच्या चुंबकावर, मग रस्त्याला प्लायवुडवर. प्रत्येक वेळी भाचीला ते मैत्रिणींकडून कळलं. या मे महिन्यात तर नवीच आजी आली. जुनं चित्र कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कुठल्याशा अॅपला भरवून काढलेली. गोरीपान, ओठांना लाली, हातात कोकम सरबताचा ग्लास आणि दोन्ही पाय जुळवलेले, शाळेत सावधान म्हटल्यावर जुळवतात तसे. तो पाय गेला. भाची विचारायला गेली. उत्तर मिळालं, "अगो, पैसे दिले होते ना?"

या पाच शब्दांवर आपल्याकडचे निम्मे चित्रकार आयुष्यभर गप्प बसलेत. आज मला या पाच शब्दांशी भांडायचं आहे.

पैसे दिले, कबूल. कशाचे दिले? रत्नागिरीत हा प्रश्न समजावून सांगावा लागतो याचंच मला नवल वाटतं, कारण हा फरक आपल्याइतका कुणालाच नीट कळत नाही. आपण हापूसची कलमं खंडाने देतो. घेणारा मोहर बघतो, फवारणी करतो, राखण ठेवतो, मे महिन्यात आंबा उतरवतो, पेट्या भरून वाशीला धाडतो. नफा झाला तर त्याचा, वाऱ्याने मोहर झडला तर नुकसानही त्याचं. पण पावसाळा लागला की तो जातो आणि कलम जागेवर राहतं. पैसे दिले होते म्हणून झाड माझं, असं म्हणणारा खंडकरी मी जन्मात पाहिलेला नाही. कुणी म्हणालाच तर आख्खी वाडी त्याला सातबारा दाखवायला धावेल.

माझ्या भाचीने एक हंगाम दिला होता, मेनूकार्डाचा. हॉटेलवाल्याने झाड नेलं.

आता कायद्याचं. १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे, त्यातलं कलम १७ प्रत्येक चित्रकाराने आणि चित्र काढून घेणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी वाचावं. मूळ नियम सरळ आहे: ज्याने निर्मिलं तो पहिला मालक. मग अपवाद येतात. पगारी नोकरीत, नोकरीचा भाग म्हणून काढलं, तर मालक कंपनी. वर्तमानपत्राच्या किंवा मासिकाच्या नोकरीत काढलं, तर छापण्यापुरता हक्क वर्तमानपत्राचा, बाकीचा काढणाऱ्याचा. आणि तिसरा अपवाद आपल्या कामाचा: पैसे देऊन कुणाकडून छायाचित्र, रंगचित्र, व्यक्तिचित्र, कोरीव ठसा किंवा सिनेमा करून घेतला आणि उलट काही ठरलेलं नसलं, तर पहिला मालक पैसे देणारा.

म्हणजे तुमच्या लग्नाचे फोटो. फोटोग्राफरला तुम्ही पैसे दिलेत, वेगळं काही लिहिलं नाहीत, तर हक्क तुमचा. त्याने तुमच्या मुलीचा फोटो न विचारता दुकानाच्या पाटीवर लावू नये. हे ऐकलं की लोक चकित होतात. कायदा एकट्या कलावंताची बाजू घेऊन बसलेला नाही, आणि ते बरंच आहे.

पण ती यादी परत वाचा. छायाचित्र, रंगचित्र, व्यक्तिचित्र, कोरीव ठसा, सिनेमा. तिच्यात रेखाचित्र नाही. शिल्प नाही. कायदा लिहिणारे विसरले म्हणावं तर तसंही नाही. त्याच कायद्यात कलाकृती म्हणजे काय ते सांगताना रंगचित्र, शिल्प, रेखाचित्र अशी वेगवेगळी नावं घेतली आहेत. मग पैसे देणाऱ्याच्या यादीत जी नावं घेतली नाहीत, ती मूळ नियमाकडे जातात. पेन्सिलीने उभं केलेलं एक पात्र, जे कुणा खऱ्या बाईचं व्यक्तिचित्र नाही, ते काढणारीचं. हॉटेलवाल्याचा वकील म्हणेल, रंग भरलाय म्हणजे रंगचित्रच. म्हणू दे. हा वाद कोर्टात जिंकता येण्याजोगा आहे असं माझं मत आहे, आणि तो कोर्टात जायची वेळ येऊ नये असंही मत आहे.

मूर्तीचं तर याहून स्पष्ट. आमच्या वाटेवर गणपतीची शाळा आहे, मूर्ती घडवायची. लोक आपापला पाट आणून ठेवतात, पाटाच्या मागे खडूने नाव. गेल्या वर्षी तिथल्या मूर्तिकाराने एका मंडळासाठी शाडूत नवा गणपती घडवला, झाडाच्या बेचक्यात पाय सोडून बसलेला. त्या मूर्तीच्या सोंडेचं वळण बघायला मी तीनदा गेलो. यंदा तोच गणपती दुसऱ्या तालुक्यातल्या एका कारखान्यातून प्लास्टरमध्ये आला, डझनावारी. कुणीतरी मूर्तीवरून साचा काढला होता. खरी आणि चोरीची ओळखायची खूण मूर्तिकारानेच मला दाखवली. साच्यावरून साचा काढला की कडा बोथट होतात, बोटांमधल्या फटी बुजतात, सोंडेच्या वळ्या उथळ होतात. त्याने दोन मूर्ती शेजारी ठेवल्या आणि माझं बोट धरून दोन्ही सोंडांवरून फिरवलं. एकीवर बोट अडखळत होतं, दुसरीवर घसरत होतं.

मंडळाने मूर्तीचे पैसे दिले होते. मूर्ती मंडळाची. पण त्या घडणीचा हक्क मूर्तिकाराचाच, कारण शिल्प त्या अपवादात बसत नाही. मंडळाने परवानगी दिली असती तरी त्या कारखान्याला पुरली नसती. आणि साच्याबद्दल कायद्यात एक सुंदर बारकावा आहे. हक्क लिहून दिलेला असला तरी कलावंताला स्वतःचे साचे, कच्ची चित्रं, नमुने पुढच्या कामात वापरता येतात. अट एवढीच की मूळ कलाकृतीची मुख्य घडण पुन्हा काढायची नाही. म्हणजे गिऱ्हाईक मूर्ती नेईल, पण हाताला लागलेलं वळण नेऊ शकत नाही. हे कलम ज्याने लिहिलं त्याने कधीतरी एखाद्या शाळेत बसून काम बघितलं असावं असं मला वाटत राहतं.

गणपती करणाऱ्या अशाच एका घरातून, अलिबागजवळच्या सासवण्याहून, विनायक पांडुरंग करमरकर आले. पुण्याचा १९२८ चा अश्वारूढ शिवाजी महाराजांचा पुतळा त्यांचा. तोही सांगितलेल्या कामातूनच झाला होता, पण शंभर वर्षं होत आली तरी तो करमरकरांचा पुतळा म्हणूनच ओळखला जातो. सांगणारा आणि करणारा, दोघांनाही जागा असते. ती द्यावी लागते.

जिथे दिली नाही तिथे काय होतं? एअर इंडियाचा महाराजा आठवा. मिशांचे झुपके, लाल पगडी, कमरेत वाकलेला. १९४६ साली मुंबईत जन्मला. कल्पना एअर इंडियाच्या बॉबी कूका यांची, आणि तो काढला जाहिरात कंपनीतल्या उमेश राव या चित्रकाराने. दहा माणसांना महाराजा दाखवा, दहाही ओळखतील. उमेश राव किती जणांना माहीत आहेत? याच्या उलट एशियन पेंट्सचा गट्टू. हातात ब्रश, कपाळावर केसांची बट, १९५४ चा. तो आर. के. लक्ष्मण यांचा, हे कितीतरी जणांना तोंडपाठ. फरक एवढाच की लक्ष्मण रोज सकाळी वर्तमानपत्रात सहीसकट भेटत होते. जाहिरातीच्या चित्राखाली सही नसते. नोकरीत काढलं म्हणून मालकी कंपनीची, हे मान्य. पण नाव पुसायला कुठलाच कायदा सांगत नाही.

आपल्या मराठीतला चिंटू घ्या. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांनी तो १९९१ साली 'सकाळ'मध्ये आणला. पुढे तो 'लोकसत्ता'त दिसला, २०१२ मध्ये सिनेमात गेला. वर्तमानपत्र बदललं म्हणून चिंटूचे आईबाप बदलले, असं कुणाच्याही मनात आलं नाही. केरळात मात्र असाच वाद कोर्टात गेला. टॉम्स या नावाने चित्रं काढणाऱ्या व्ही. टी. थॉमस यांची बोबन आणि मोली ही दोन खट्याळ पोरं 'मलयाळ मनोरमा'त वर्षानुवर्षं घरोघरी गेली. टॉम्स नोकरीतून बाहेर पडले, पोरांना घेऊन 'कलाकौमुदी'त गेले, आणि मनोरमाने दावा लावला. १९८०च्या दशकाच्या अखेरीस केरळ उच्च न्यायालयाने सांगितलं की नोकरी संपल्यावर काढलेल्या चित्रांवर जुन्या मालकाचा हक्क पोचत नाही. ती पात्रं तर टॉम्स नोकरीला लागण्याआधीच जन्मली होती. माझ्या दृष्टीने या निकालाचं मोल फार मोठं आहे. छापलेलं चित्र एक आणि पात्र दुसरं, हे त्याने वेगळं करून दाखवलं. छापलेला अंक विकत घेता येतो. त्या पोराने उद्या काय खोडी काढायची, हे काढणाराच ठरवतो.

अमेरिकेत जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांनी १९३८ साली सुपरमॅन १३० डॉलरला सही करून देऊन टाकला. पुढे कंपनीने त्यावर किती कमावलं ते जगाने पाहिलं. १९७५ साली, दोघं साठी ओलांडून गेल्यावर, त्यांना वर्षाला प्रत्येकी २० हजार डॉलर आणि चित्राखालचं काढून टाकलेलं नाव परत मिळालं. सही करून दिल्यावर सदतीस वर्षांनी.

आता त्या गोऱ्यापान आजीकडे परत येतो, कारण मला सगळ्यात जास्त ती सलते. समजा भाचीने सगळे हक्क रीतसर लिहून दिले असते. तरीही कलम ५७ उरतं. हक्क विकल्यावरही निर्मात्याचे दोन हक्क निर्मात्याकडेच राहतात: ही माझी कृती आहे असं सांगण्याचा, आणि आपल्या नावाला बट्टा लागेल अशी तिची मोडतोड झाली तर ती थांबवण्याचा. सातबाऱ्यावर जमीन दुसऱ्याच्या नावावर चढली तरी 'इतर हक्क' असा एक रकाना असतो ना, तसं हे. दिल्लीत विज्ञान भवनात अमरनाथ सहगल यांचं ब्राँझचं भलंमोठं भित्तिशिल्प होतं, सरकारनेच सांगून करून घेतलेलं. १९७९ साली ते भिंतीवरून उखडलं आणि कोठारात टाकलं. सरकारने पैसे दिले होते ना! सहगल कोर्टात गेले. २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने ते शिल्प, जे काही उरलं होतं ते, त्यांना परत द्यायला लावलं आणि वर पाच लाखांची भरपाई. पैसे देऊनही भारत सरकारला जो हक्क मिळाला नाही, तो मेनूकार्डाच्या चार हजारांत कसा मिळेल?

एक गोष्ट मला कायद्यालाही टोचून सांगायची आहे. २०१२ साली या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. सिनेमातल्या गीतकारांना आणि संगीतकारांना रॉयल्टीतला असा वाटा मिळाला, जो सही करूनही सोडून देता येत नाही. उत्तम झालं. त्याच सिनेमातल्या राक्षसाचा चेहरा, घोड्याचा साज, नायिकेचा मुकुट कागदावर पहिल्यांदा काढणाऱ्या चित्रकाराला त्यातलं काहीच नाही. गाणं गुणगुणता येतं म्हणून त्याचा बाप लक्षात राहिला. चित्र डोळ्याने बघतो आणि पुढे जातो.

आणि स्पर्धा. बोधचिन्ह बनवा, शुभंकर बनवा, पहिलं बक्षीस अमुक हजार. एका संस्थेच्या अशा स्पर्धेला माझ्या भाचीने चित्र पाठवलं होतं. हरली. अटींचा कागद मी नंतर वाचला. आलेल्या सर्व प्रवेशिकांचे सर्व हक्क आयोजकांकडे. जिंकलेल्याचे घ्या, त्याला बक्षीस दिलंत. रुपयाचं चिन्ह २०१० मध्ये असंच स्पर्धेतून आलं, उदयकुमार यांना अडीच लाख मिळाले, देशाला चिन्ह मिळालं, व्यवहार उघड होता. पण हरलेल्या दोनशे पोरांची चित्रं फुकटात ठेवून घ्यायची हा कुठला न्याय? अशी अट लिहिणाऱ्यांनी ती मागे घ्यावी. शाळांनी अशी अट असलेल्या स्पर्धेला मुलांची चित्रं पाठवू नयेत. मी हे आमच्या ओळखीच्या कलाशिक्षकांना तोंडावर सांगितलं आहे.

चित्रकारांनाही सांगायचं आहे. मूर्तीची चोरी झाली म्हणून हळहळणाऱ्या गणपतीच्या किती शाळांत सिनेमातल्या नायकाच्या पोझमधले गणपती होतात? मोबाइलवर कुणाचं तरी चित्र दाखवून "असंच काढा" म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला किती जण नाही म्हणतात? दुसऱ्याचं कलम तोडून आपल्या बागेत बांधणाऱ्याला स्वतःच्या आंब्याची राखण मागायचा तोंडभर हक्क राहत नाही.

हॉटेलवाल्याचीही बाजू आहे, आणि ती खोटी नाही. तो म्हणाला, "उद्या तिने हीच आजी शेजारच्याला दिली तर? लोक मला या आजीवरून ओळखतात." रास्त भीती आहे. आजी गावभर झाली त्यात त्याच्या माशाच्या कालवणाचाही वाटा आहे. पण या भीतीचं औषध पाच शब्दांत नाही, एका कागदात आहे. हक्क द्यायचा तर लेखी आणि देणाऱ्याची सही, हे कायद्याने सक्तीचं आहे. काय दिलं, कुठे वापरायचं, किती काळ, किती पैशांत. काळ लिहिला नाही तर पाच वर्षं धरतात, मुलूख लिहिला नाही तर भारत. शेजारच्याला देणार नाही, हेही लिहिता येतं, त्याचे वेगळे पैसे घेता येतात. आपण गुंठ्याच्या बांधासाठी तीन पिढ्या तारखा घालतो, फणसाच्या एका झाडात चौघांची नावं लावतो, आणि चित्राच्या बाबतीत फोनवर एक अंगठा पाठवून मोकळे होतो.

भाचीने आता तो कागद केला आहे. एकच पान, मराठीत. मेनूकार्ड आणि रस्त्यावरचं कटआउट: आधीच्या पैशांत, कायम. मसाला, टी-शर्ट, चुंबक: विक्रीवर वाटा, तीन वर्षं. शेजारच्या कुठल्याही हॉटेलला आजी देणार नाही. गोरी आजी ताबडतोब बंद. जिथे जिथे आजी, तिथे काढणारीचं नाव. मी रविवारी तो कागद हॉटेलवाल्याच्या हातात नेऊन दिला. त्याने दोनदा वाचला. पैशांच्या ओळीला त्याची फार हरकत दिसली नाही. नावाच्या ओळीवर तो अडला. म्हणाला, "काका, कटआउट आधीच झालंय. आता नाव घालायला जागा कुठाय त्यात?"

येताना मी रस्त्यात थांबलो. पुढे टाकलेल्या पायाच्या टाचेपासून लुगड्याच्या काठापर्यंत चांगली वीतभर मोकळी जागा आहे. मी हात लावून मोजली.